विश्वास ठेवा, पण सातबारा बघून

मॅस्टोडॉन या सोशल मीडियावरचं माझं पहिलं खातं ज्या सर्व्हरवर होतं, तो सर्व्हर दोन वर्षांतच बंद पडला. चालवणारा माणूस एकटा होता आणि सज्जन होता. महिनाभर आधी त्याने सगळ्यांना कळवलं. नोकरी बदलली आहे, घरात आजारपण आहे, दर महिन्याचं बिल पदरमोड करून भरणं आता झेपत नाही, तेव्हा आपापलं बिऱ्हाड हलवा. मी हलवलं.

त्या खात्यावर मी शेतीच्या जुन्या अवजारांचे फोटो टाकत असे आणि खाली त्यांच्या एकेका भागाचं नाव लिहीत असे. तिफणीचं चाडं आणि नळे, नांगराचं रुमणं, जुवाच्या शिवळा, मोटेचा नाडा आणि सोंदूर. आमच्या माळ्यावर एक सागवानी चाडं, म्हणजे पेरताना बी सोडायची वाटी, सापडलं होतं. तळाला तीन भोकं, आणि काठ हाताच्या घामाने काळाभोर, गुळगुळीत झालेला. त्या फोटोखाली पंचवीस-तीस जणांनी लिहिलं. कुणी खानदेशातलं नाव सांगितलं, कुणी वऱ्हाडातलं. परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या गावी पेरणीच्या पहिल्या दिवशी चाड्यावर मूठ धरायचा मान त्यांच्या आजीचा असे. बी सांडू नये म्हणून आजी त्या दिवशी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायची आणि वरून फडकं बांधायची.

बिऱ्हाड हलवलं तेव्हा फॉलोअर नव्या खात्यावर आपोआप आले. मी ज्यांना फॉलो करत होतो त्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी चढवता आली. माझ्या पोस्ट आणि फोटोही एका फाइलमध्ये मिळाले, पण ते नव्या खात्यावर लावता आले नाहीत, कारण मॅस्टोडॉनमध्ये तशी सोयच नाही. आणि ती उत्तरं माझी नव्हतीच, त्यामुळे ती माझ्या फाइलमध्ये आली नाहीत. ज्याच्या-त्याच्या सर्व्हरवर ती अजून असतीलही. पण ज्या फोटोखाली ती लिहिली होती तो फोटोच जागेवर नाही. बाईंच्या आजीची गोष्ट आता कशाला जोडलेली आहे, कोण जाणे.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. दोन वर्षं त्याने शेकडो लोकांना फुकट जागा दिली. पण ओळखीचे लोक विचारतात, फेसबुक आणि एक्स सोडून अशा मोकळ्या, विकेंद्रित ठिकाणी यावं का, तिथे भरवसा ठेवता येतो का, तेव्हा मला ते चाडं आठवतं. माझं उत्तर असं आहे की यावं, जरूर यावं. पण उद्या उठून जायची वेळ आली तर जेवढं सामान बरोबर नेता येईल, तेवढाच भरवसा ठेवावा. 'ओपन सोर्स' आणि 'विकेंद्रित' हे दोन शब्द नुसते ऐकून तो वाढवू नये.

ज्यांना मॅस्टोडॉन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ते सॉफ्टवेअर जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये खुलं केलं. कोणीही ते उतरवून घ्यावं आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं. असे हजारो सर्व्हर आज आहेत, आणि जीमेलवरून रेडिफमेलला पत्र जातं तसं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. त्यांची आपसातली भाषा म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मधे बसलेली कंपनी नाही, जाहिरात नाही, तुम्ही काय बघायचं ते ठरवणारा अल्गोरिदम नाही. मला हे सगळं मनापासून पटतं. म्हणूनच त्याची खोटी खात्री कुणाला देऊ नये असं वाटतं.

लोक 'ओपन सोर्स आणि विकेंद्रित' असं एका दमात म्हणतात आणि त्यातून तिसराच अर्थ काढतात, की ते सुरक्षित आहे. आधी ओपन सोर्सचं बघू. कोड सगळ्यांसमोर आहे, म्हणजे कुणाला तो तपासायचा असेल तर त्याला अडवणारा कोणी नाही. प्रत्यक्षात कोणी तपासला का, हा प्रश्न वेगळाच. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका साध्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. फाइली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. थकलेला होता. मदतीला म्हणून एक अनोळखी सहकारी आला, दोनेक वर्षं चोख काम करत राहिला, हळूहळू त्याच्या हातात किल्ल्या आल्या, आणि मग त्याने ती चोरवाट आत ठेवली. सगळा कोड उघड्यावर होता. तरी ती कोड वाचून सापडली नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि तो खणत गेला, म्हणून जग वाचलं.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं. कोड बंद असता तर फ्रॉइंडला कारणाच्या मुळापर्यंत जाताच आलं नसतं, हे ओपन सोर्सचं खरं मोल. पण 'हजारो डोळे बघतायत' हा आपला समज होता, आणि एका थकलेल्या माणसावर सगळा भार होता ही वस्तुस्थिती. मॅस्टोडॉनमध्येही २०२४ च्या फेब्रुवारीत एक गंभीर त्रुटी सापडली. बाहेरच्या माणसाला दुसऱ्याचं सोंग घेऊन खातं ताब्यात घेता येईल अशी. दुरुस्ती लगेच आली, पण ती आपल्या सर्व्हरवर बसवण्याचं काम सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येक अ‍ॅडमिनचं होतं. ज्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन त्या आठवड्यात लग्नाला गावी गेला असेल, तिथली दारं उघडीच राहिली असणार.

शिवाय कोड चांगला असला म्हणून चालवणारा चांगला ठरत नाही. द्वेषाला मोकळं रान देण्यासाठी कुप्रसिद्ध असलेली गॅब ही साइट २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्याच कोडवर उभी राहिली. मॅस्टोडॉन लिहिणाऱ्यांना ते अजिबात मान्य नव्हतं, पण परवाना सगळ्यांना सारखा, त्यांना थांबवता येईना. बाकीच्या सर्व्हरांनी मात्र तिच्याशी रोटीबेटी व्यवहारच तोडला आणि ती एकटी पडली. ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलनेही २०२१ मध्ये हाच कोड घेतला आणि परवान्याची अट मोडून स्वतःचा कोड झाकून ठेवला. मॅस्टोडॉनने कायदेशीर पत्र पाठवल्यावर तो बाहेर आला. म्हणजे ओपन सोर्स हे बियाण्यासारखं आहे. वाण उत्तम असेल, पण शेत कोणाचं आणि राखण कोण करतंय हे पिशवीवर छापलेलं नसतं.

म्हणून मी म्हणतो, सातबारा बघा. आपण जमीन घेताना मालकाचं गोड बोलणं ऐकून घेतो, पण व्यवहार करतो तो उतारा काढून, इतर हक्कात काय बोजा आहे ते वाचून. सर्व्हरच्या बाबतीत उताऱ्यावर तीन नावं असतात. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे. यंत्र कोणाचं भाड्याने घेतलंय आणि बिल कोण भरतो. आणि डेटाबेसची, म्हणजे सगळ्यांचा मजकूर आणि माहिती जिथे साठते त्या कोठाराची, किल्ली कोणाकोणाकडे आहे. बहुतेक छोट्या सर्व्हरांवर या तिन्ही ठिकाणी एकच नाव असतं, आणि आपल्याला ते माहीतही नसतं.

डोमेनवरून काय होऊ शकतं ते २०२४ मध्ये दिसलं. क्विअर डॉट एएफ नावाचा मॅस्टोडॉनचा एक सर्व्हर होता. 'एएफ' ही अफगाणिस्तानची अक्षरं. नाव घेताना ती गमतीने घेतली होती, पण काबूलमध्ये तालिबान आले, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने तो पत्ताच रद्द केला. यंत्र चालू, कोड चालू, माणसं तयार, आणि पत्ता नाही. पत्ता गेला की फॉलोअर नव्या जागी नेण्याची सोयही जाते, कारण जुन्या घराच्या दारावर 'आम्ही तिकडे गेलो' अशी पाटी लावायला दारच उरत नाही.

डेटाबेसची गोष्ट याहून गंभीर आहे. कोलेक्टिव्हा नावाचा सर्व्हर चळवळीतल्या लोकांनी चळवळीतल्या लोकांसाठी चालवलेला. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर छापा घातला. छाप्याचं कारण सर्व्हरशी संबंधित नव्हतं. पण त्या दिवशी तो माणूस काहीतरी दुरुस्ती करत बसलेला, आणि सर्व्हरच्या सगळ्या डेटाची एक प्रत कुलूप न लावता त्याच्या संगणकावर होती. ती पोलिसांच्या हाती गेली. ईमेल, आयपी पत्ते, खाजगी म्हणून लिहिलेले निरोप, सगळं. तिथले सगळे लोक एकमेकांना विश्वासू समजत होते, आणि ते होतेही.

खाजगी निरोपांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे मराठी मंडळी हमखास फसतात. व्हॉट्सअ‍ॅपची सवय असल्यामुळे कुठल्याही अ‍ॅपवर दोघांतलं बोलणं दोघांतच राहतं असं आपण धरून चालतो. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, ते कंपनीलाही. मॅस्टोडॉनवर तसं नाही. तुम्ही फक्त एकाच माणसासाठी पोस्ट लिहायला घेतलीत, तर मॅस्टोडॉन स्वतःच त्या चौकटीत सूचना दाखवतं की हे कूटबद्ध नाही, इथे नाजूक माहिती लिहू नका. तुमच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन आणि समोरच्याच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन, दोघेही मनात आणलं तर ते वाचू शकतात. इतकी प्रामाणिक सूचना मी दुसऱ्या कुठल्या सोशल मीडियावर पाहिलेली नाही. ती वाचून न वाचल्यासारखं करू नये. पगाराची पावती, आजाराचा रिपोर्ट, कुणाविरुद्धची तक्रार, यातलं काही मी तिथे लिहीत नाही आणि दुसऱ्यालाही लिहू देत नाही.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग फेसबुकच बरं की. तिथे निदान यंत्रं सांभाळायला हजारो माणसं आहेत. मला हे मुळीच मान्य नाही. ऑर्कुट आठवा. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी लोकांनी इंटरनेटवर पहिल्यांदा देवनागरीत लिहिलं ते तिथे. ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलने ते बंद केलं, एवढी मोठी कंपनी असून. आपलं सामान उतरवून घ्यायची मुभा दिली होती, बहुतेकांनी ती वापरली नाही. 'कू' आठवा. ट्विटरसारखं हे भारतीय अ‍ॅप २०२० मध्ये आलं, मराठीत होतं, मंत्र्यांपासून कवींपर्यंत सगळे तिथे गेले, परदेशी गुंतवणूकदारांचा मोठा पैसा होता, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं. मोठेपणामुळे आयुष्य वाढतं असं काही दिसत नाही. उलट १९९६ पासून मायबोली हे मराठी संकेतस्थळ चालू आहे, कुठल्याही बड्या गुंतवणुकीशिवाय. ती विकेंद्रित नाही, पण ती कोणाची आहे आणि कोण चालवतं हे तिथल्या माणसांना माहीत आहे. मला वाटतं, टिकण्याचं कारण तिथे शोधावं.

आणि मोठ्या कंपनीपुढे माणूस किती हतबल असतो हेही आपण पाहिलंय. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. कारण काय, तर ऑगस्ट लांडमेसरचा फोटो. भोवतालची सगळी गर्दी नाझी सलाम ठोकतेय आणि हा एकटा हाताची घडी घालून उभा आहे, तो प्रसिद्ध फोटो. नाझींना विरोध करणारं ते चित्र द्वेषपूर्ण ठरवलं गेलं. त्या नोव्हेंबरमध्ये भारतातून लोकांची मोठी लाट मॅस्टोडॉनवर आली. बरेच जण महिना-दोन महिन्यांत परतलेही, कारण ओळखीचे लोक तिकडेच होते. पण एवढ्या मोठ्या वकिलाला जिथे दाद मिळाली नाही, तिथे नांदेडच्या एखाद्या मुलीला, जिच्याबद्दल कुणी घाणेरडं लिहिलंय, काय मिळणार?

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मराठीत माणसाला जातीवरून हिणवायचं असेल तर शिवी द्यावीच लागत नाही. आडनाव एका विशिष्ट पद्धतीने उच्चारलं, गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव घेतलं, एखाद्या भाकरीचा उल्लेख केला, की ज्याला लागायचं त्याला लागतं. हे परदेशात बसलेल्या तपासनिसाला कळणार नाही आणि यंत्राला तर नाहीच. तक्रार केली की 'आमच्या नियमांचा भंग झालेला नाही' असं छापील उत्तर येतं. मी स्वतः एका मोठ्या कंपनीकडून असं उत्तर तीनदा घेतलंय, तिन्ही वेळा शब्दन् शब्द सारखं. मराठी माणसांनी चालवलेल्या सर्व्हरवर निदान ते वाक्य वाचून ज्याच्या पोटात ढवळेल असा मॉडरेटर, म्हणजे मजकुरावर नजर ठेवणारा माणूस, असू शकतो. विकेंद्रित माध्यमांच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा युक्तिवाद हाच आहे. अर्थात तो मॉडरेटरच हिणवणाऱ्यांतला निघाला तर? तर तिथून उठून दुसरीकडे जाता यायला हवं, आणि दुसऱ्या सर्व्हरांना त्याच्याशी संबंध तोडता यायला हवा. गॅबच्या बाबतीत तेच झालं.

ब्लूस्कायबद्दलही सारखं विचारतात. दिसायला ते जुन्या ट्विटरसारखं असल्यामुळे लोकांना सोपं जातं, आणि विकेंद्रित म्हणूनच ते ओळखलं जातं. त्यामागचं तंत्र खरोखर कल्पक आहे. खातं एका सर्व्हरवरून दुसरीकडे नेताना पोस्टही नेता येतात, जे मॅस्टोडॉनला अजून जमलेलं नाही. पण आजच्या घडीला तिथली जवळपास सगळी माणसं एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत, आणि त्या कंपनीत गुंतवणूकदारांचा पैसा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तान सरकारच्या सांगण्यावरून तिने ७२ खात्यांवर त्या देशापुरते निर्बंध घातले. ती खाती इतरांनी बनवलेल्या अ‍ॅपमधून तरीही दिसत होती, एवढा मोकळेपणा तंत्रात आहे. पण इतरांची अ‍ॅप वापरणारे कितीसे असतात? दुसरं दार असूनही कोणी त्याचा वापर करत नसेल, तर काही दिवसांनी त्याच्यासमोर सामान रचलं जातं. ब्लूस्कायवर लिहावं, मीही लिहितो. मात्र आज ते विकेंद्रित होऊ शकेल असं आहे, झालेलं नाही, हे ध्यानात ठेवावं.

सरकारचा विषय निघाला म्हणून. विकेंद्रित म्हणजे सरकारच्या हाताबाहेर, ही समजूतही चुकीची आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन १४ अ‍ॅप बंद केली. त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही निरोप पाठवायची विकेंद्रित, ओपन सोर्स अ‍ॅप होती. एलिमेंट ज्या तंत्रावर चालतं त्याच तंत्रावरचं अ‍ॅप फ्रान्सचं सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वापरतं. आपल्याकडे २०२१ चे आयटी नियम आहेत. ५० लाखांहून जास्त सदस्य असलेल्या कंपन्यांवर जादा बंधनं आहेत, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं वगैरे जबाबदाऱ्या लहानांवरही आहेतच. कोथरूडमध्ये बसून ३०० लोकांचा सर्व्हर चालवणाऱ्या मुलाच्या दारात नोटीस आली तर त्याच्याकडे वकिलांचा विभाग नाही. आई-वडील घरात आहेत, नोकरी आहे. तो घाबरेल आणि मागितलं ते देईल, आणि त्याला दोष देण्याचा आपल्याला हक्क नाही. आपला भरवसा त्याच्या धैर्यावर टांगून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग यातून वाट कोणती? मला वाटतं ती महाराष्ट्राला नवीन नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा प्रश्न हाच होता की ज्याच्या उसावर सगळं चालतं त्याच्या हातात काहीच का नसावं. मॅस्टोडॉनच्या जगात असे प्रयोग झालेत. सोशल डॉट कोऑप हा सर्व्हर २०१७ पासून सहकारी पद्धतीने चालतो. सभासद वर्गणी भरतात, नियम मतदानाने ठरतात. कॅनडात कोसोशल नावाची सहकारी संस्था वर्षाला ५० डॉलर घेऊन असाच सर्व्हर चालवते. आपण गावोगावी दूध संस्था, पतसंस्था चालवल्या. आणि मराठीत एक सहकारी सर्व्हर नाही, याचं मला वाईट वाटतं.

२०० सभासदांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाचे १ लाख २० हजार होतात. माझ्या अंदाजाने तेवढ्यात यंत्राचं भाडं, फोटोंची साठवण आणि रोजचा बॅकअप भागतो, मॉडरेटरला थोडं मानधनही देता येतं. फुकट मिळतं म्हणून आपण येतो, आणि फुकट आहे म्हणूनच ते एका माणसाच्या खिशावर आणि तब्येतीवर उभं राहतं.

सहकार म्हटलं की लोक हात जोडतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. संस्था सहकारी होती, सभासद होते, लेखापरीक्षण होत होतं. कागदावर सगळं होतं. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला संस्थेचे उपविधी किती छान आहेत याच्याशी काही घेणं नव्हतं. माझे पैसे मला बाहेर काढता येतात का, एवढंच. सर्व्हरचं असंच आहे. तुमच्या पोस्टची फाइल आज उतरवून बघा. उतरते का, उघडते का, त्यात फोटो आहेत का. मॅस्टोडॉन दर सात दिवसांनी ती मागू देतं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उतरवतो आणि वेगळ्या डिस्कवर ठेवतो. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि सर्व्हर निवडताना एक गोष्ट मी तेव्हा केली नाही, ती तुम्ही करा. मॅस्टोडॉनची संस्था आपल्या मुख्य यादीत सर्व्हर घेताना काही अटी घालते. रोज बॅकअप, द्वेषाविरुद्ध प्रत्यक्ष मॉडरेशन, अडचणीच्या वेळी सर्व्हर सांभाळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर किमान तीन महिन्यांची नोटीस. मी पहिल्यांदा ज्या सर्व्हरवर गेलो तो त्या यादीत नव्हता. एका मित्राने दुवा पाठवला, मांडणी आवडली, मी नाव नोंदवलं. तिथे किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे विचारायलाही मला सुचलं नव्हतं.

नव्या सर्व्हरवर तीन अ‍ॅडमिन आहेत, जमाखर्च दर तिमाहीला सगळ्यांसमोर मांडतात, आणि मी वर्गणी भरतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या चाड्याचा फोटो मी पुन्हा टाकला आणि लिहिलं की जुन्या फोटोखाली ज्यांनी लिहिलं होतं त्यांनी कृपा करून पुन्हा लिहावं. अकरा जणांनी लिहिलं. खानदेशातलं नाव परत मिळालं, वऱ्हाडातलंही. या वेळी प्रत्येकाला विचारून मी ती उत्तरं वहीत उतरवून घेतली. बांगड्या मागे सारणाऱ्या आजीची गोष्ट सांगणाऱ्या बाई मात्र आल्या नाहीत. त्या मला फॉलो करत नव्हत्या. कुणीतरी पुढे पाठवलेला फोटो बघून त्यांनी लिहिलं होतं, आणि त्या कोणत्या सर्व्हरवर होत्या हे मी तेव्हा टिपून ठेवलं नाही.